खिडकीसमोरचे दाणे

अन्न देणे आणि पाहणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बसणे आपल्याकडे असभ्य समजले जाते. जुन्या बायका तर त्याला दृष्ट लागते म्हणत. भुकेल्याला भाकर देणारा माणूस ती देतो आणि मान वळवतो. मान वळवणे हा त्या देण्याचाच एक भाग असतो. घेणाऱ्याला आपण घेत आहोत याची लाज वाटू नये, एवढी त्यात समज असते.

उत्तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्याच्या दिवसांत परसदारी पाखरांसाठी दाणे टांगण्याचा जो रिवाज आहे, त्यात मात्र या दोन क्रिया एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. दाणे कोठे टांगायचे हे बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खिडकीवरून ठरते. लांब दांड्याला अडकवलेली काचेसारख्या प्लॅस्टिकची नळी, तिला लहान लहान भोके, प्रत्येक भोकाशी पाय टेकण्यापुरती काडी. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात गुराच्या चरबीची वडी. आत ऊबदार खोलीत टेबलावर चहाचा पेला, दुर्बीण आणि पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक. अमेरिकेत असे करणाऱ्यांची संख्या पाच कोटींहून अधिक आहे. इतक्या लोकांनी कसलाही धार्मिक आदेश नसताना, पुण्याचा हिशेब न मांडता, दरवर्षी पदरचे पैसे घालून रानातल्या जिवांना खाऊ घालावे ही साधी गोष्ट नव्हे. तिला काय म्हणावे? दान म्हणावे, तर देणाऱ्याची नजर घेणाऱ्यावरून हलत नाही. करमणूक म्हणावी, तर तिच्यात एखाद्या जिवाची रात्र निभावते. दया आणि कुतूहल यांचे असे मिश्रण नैतिक दृष्ट्या कोणत्या तोलाचे असते, हा प्रश्न मला विचारार्ह वाटतो.

प्रथम त्या पाखरांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती नुसती उदाहरणे नाहीत. त्या प्रदेशातल्या परसदारी सर्वांत परिचित पाखरू म्हणजे काळ्या टोपीची चिकडी. वजन सुमारे अकरा-बारा ग्रॅम. म्हणजे पोस्टातून जाणाऱ्या साध्या पत्राहून फारसे जड नव्हे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. चिकडी दक्षिणेकडे जात नाही. दिवसभरात खाल्लेल्याची ती अंगावर चरबी करते आणि तीच चरबी रात्रभर कुडकुडत जाळते. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून दिवसा सुमारे ४२ अंश सेल्सिअस असणारे आपल्या शरीराचे तापमान ती रात्री दहा-बारा अंशांनी खाली उतरू देते. सकाळी तिच्यापाशी शिल्लक जवळजवळ काही नसते. रोजच्या उत्पन्नावर रोजचा दिवा लावणाऱ्या माणसासारखे तिचे जिणे आहे. नळीपाशी ती येते, सूर्यफुलाचा एकच दाणा उचलते, लगेच जवळच्या फांदीवर जाते, दोन पायांत तो धरून चोचीने ठोकून फोडते आणि पुन्हा येते. काही दाणे ती खात नाही. सालीच्या फटीत, शेवाळात एकेक करून लपवते आणि लपवलेल्या जागा लक्षात ठेवते. जंको नावाची करडी पाखरे नळीवर चढत नाहीत; खाली बर्फावर सांडलेले वेचतात. वरच्या पंगतीतले खाली पडावे आणि खालच्यांनी ते उचलावे, ही व्यवस्था तेथेही आहे. आणि पांढऱ्या बर्फावर कार्डिनलचा तांबडाभडक नर उतरला, की खोलीतले बोलणे क्षणभर थांबते.

या क्षणभर थांबण्यालाही इतिहास आहे. १८९०-९१ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि तिथल्या वृत्तपत्रांनी लोकांना पाखरांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचे आवाहन केले. अमेरिकेत त्या काळी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दोन तट पाडून पाखरे मारण्याची चढाओढ लागत असे. ज्याच्या शिकारीचा ढीग मोठा तो जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने त्याऐवजी त्या दिवशी पाखरे मोजावीत अशी कल्पना मांडली. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली, आणि ती प्रथा पुढे सव्वाशे वर्षे चालत आली. पाहणे हे येथे मारण्याच्या जागी आले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तोवर पाखरू ओळखायचे म्हणजे ते हातात घ्यायचे आणि हातात घ्यायचे म्हणजे आधी पाडायचे, अशीच शास्त्राचीही रीत होती. नजरेला आज आपण सहजपणे आक्रमक ठरवतो; परंतु बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचलणाऱ्याच्या हातून जे घडले ते लहान नव्हते.

पुढे १९७६ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात परसदारच्या पाखरांची पद्धतशीर नोंद सुरू झाली, आणि १९८७-८८ च्या हिवाळ्यापासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान संस्थेच्या सहकार्याने ती उत्तर अमेरिकाभर पसरली. तिचा एक नियम मला फार सूचक वाटतो. दिवसभरात एकंदर किती पाखरे आली हे लिहायचे नाही. एका जातीची एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसली तेवढेच लिहायचे. कारण साधे आहे. सकाळी आलेली चिकडी आणि दुपारी आलेली चिकडी एकच की दोन, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. महिनोन् महिने आपण कोणाला खाऊ घातले, हे त्याला ठाऊक नसते. घेणाऱ्याला नाव नाही आणि देणाऱ्यालाही त्याच्या लेखी नाव नाही.

आता दानाकडे वळू. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत, आणि त्यांतल्या सात्त्विक दानाची एक अट अशी की ज्याच्याकडून उलट उपकार होण्याचा संभव नाही त्याला ते द्यावे. वरवर पाहता पाखरू या अटीत नेमके बसते. ते काय परत करणार? परंतु खिडकीशी बसलेला माणूस प्रामाणिक असेल तर कबूल करील, की पाखरू येताक्षणीच सव्याज परत करते. त्याचे दर्शन हेच त्याचे देणे असते. दाणे टांगले आणि आठवडाभर कोणी फिरकले नाही, तर घरातली माणसे खट्टू होतात. दाणे जशास तसे राहिले म्हणजे कोणी उपाशी राहिले नाही, असा अर्थ काढून कोणी आनंदित झालेले ऐकिवात नाही. यावरून कठोर नीतिवेत्ता म्हणेल, की हे दान नव्हे. हा सौदा आहे, आणि समोरच्याला सौद्याची कल्पनाही नाही.

मला हा कठोरपणा पटत नाही. आपल्याकडचे एक उदाहरण पाहावे. श्राद्धात पिंड ठेवून माणसे बाजूला उभी राहतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात. तेथेही घास आहे, पाखरू आहे आणि डोळ्यांत प्राण आणून पाहणारी माणसे आहेत. कावळा लवकर शिवला नाही, तर मेलेल्याची कोणती इच्छा राहिली याची कुजबुज सुरू होते. कोणी पुढे होऊन, तुमच्या मुलीचे आम्ही पाहू, असे काही मोठ्याने बोलतो. त्या पाहण्याला सौदा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मात्र एक फरक आहे. तेथे आपण कावळ्याकडे पाहतो आणि पाहतो दुसऱ्याच कोणाला. कावळा त्या वेळी कावळा नसतो. तो निरोप असतो. स्मृतिकारांनी सांगितलेल्या भूतयज्ञातला बली असो, की लेकराला भरवताना चिऊच्या नावाने उचललेला घास असो, आपल्या परंपरेत पाखरू बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने जेवते. परसदारच्या नळीवरची चिकडी कोणाच्याही वतीने आलेली नसते. ती चिकडी म्हणूनच येते आणि चिकडी म्हणूनच पाहिली जाते. एखाद्या जिवाकडे तो जे आहे तेच म्हणून पाहणे, ही मला नैतिक जीवनातली दुर्मीळ गोष्ट वाटते, आणि तिच्यात पाहणाऱ्याला सुख होते म्हणून ती खोटी ठरत नाही.

तेव्हा हेतूच्या शुद्धतेवर हा प्रश्न सुटणार नाही. हेतू तपासण्याची आपल्याला फार सवय आहे. दान म्हटले की आपण लगेच देणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावतो. पाखरांच्या बाबतीत त्याच्या अंतःकरणापेक्षा त्याचे अंगण तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दोन संशोधकांनी केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. अतिशय कडक थंडीच्या काळात, ज्यांना टांगलेले दाणे मिळत होते अशा चिकड्यांपैकी ६९ टक्के हिवाळ्यातून वाचल्या; ज्यांना मिळत नव्हते त्यांच्यापैकी ३७ टक्के. हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. ज्याने नळी भरली त्याच्या हातून खरोखर जीव वाचले. परंतु त्याच संशोधकांनी पुढे १९९२ साली दुसरी गोष्ट दाखवली. जेथे वर्षानुवर्षे दाणे मिळत होते तेथले दाणे बंद केले, तरी त्या चिकड्या कधीच दाणे न मिळालेल्या चिकड्यांइतक्याच जगल्या. नळीवर नित्य येणारी चिकडीसुद्धा आपल्या गरजेचा सुमारे एक-पंचमांश भागच तेथून भागवत होती. उरलेले ती पूर्वीप्रमाणे रानातून मिळवत होती. देणाऱ्याच्या अभिमानाला हा शोध फारसा रुचणारा नाही. आपण दिलेले उपयोगी पडते, पण आपल्यावाचून अडत नाही, हे ऐकण्याची दात्याची सहसा तयारी नसते. माणसामाणसांतल्या दानाचे पुष्कळसे विष, म्हणजे घेणाऱ्याचे मिंधेपण आणि देणाऱ्याचा वरचष्मा, या एका गोष्टीमुळे येथे उतरून जाते. चिकडी खाते आणि स्वतंत्र राहते.

येथवर सारे प्रसन्न आहे. पुढचा भाग तसा नाही.

१९९४ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन शहराच्या आसपास खिडकीतून पाहणाऱ्या लोकांना नळ्यांवर हाऊस फिंच जातीची काही पाखरे डोळे सुजलेली, चिकटलेली दिसू लागली. कोंबड्यांत आढळणारा एक जिवाणू या रानपाखरांत शिरला होता. ही जात मुळात अमेरिकेच्या पश्चिमेकडची. पिंजऱ्यात विकण्यासाठी ती न्यूयॉर्कला आणली गेली आणि बेकायदा व्यापारावर टाच येणार असे दिसताच १९४० च्या सुमारास विक्रेत्यांनी तिथेच सोडून दिली. तिचा पूर्वेकडचा सारा विस्तार त्या मूठभर सुटलेल्या पाखरांचा. रोग काही वर्षांत पूर्व अमेरिकाभर पसरला आणि कोट्यवधी पाखरे मेली असा अंदाज आहे. तो पसरण्यात दाण्यांच्या नळ्यांचा वाटा असू शकतो हे पुढे प्रयोगांतून दिसले. आजारी पाखरू डोळे चोळत त्याच भोकाशी बसते. ते उडाले की तेथेच दुसरे निरोगी पाखरू डोके घालते. दिसेनासे झालेल्या पाखराला रानात काही शोधता येत नाही, म्हणून ते नळीवरच जास्त वेळ रेंगाळते. म्हणजे ज्याला अन्नाची सर्वांत अधिक गरज, तेच तिथे सर्वांत अधिक धोक्याचे. ब्रिटनमध्ये २००५-०६ पासून ग्रीनफिंचवर दुसरेच संकट आले. पारव्या-कबुतरांत आढळणारा एक परजीवी त्यांच्या घशात बसला. गिळता न आलेला ओला दाणा परत थाळीत पडू लागला आणि तो दुसऱ्याने उचलला. बागेतले हे नित्याचे पाखरू इतके घटले की २०२१ साली ते तेथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले.

या ठिकाणी मला दान हा शब्द अपुरा वाटू लागतो. दानाचे सारे शास्त्र देणारा, घेणारा, वस्तू, देश आणि काळ यांचा विचार करते; पण दहा घेणाऱ्यांना एका ठिकाणी जमवले म्हणजे काय होते, याचा विचार त्यात नाही. दाणे टांगणारा केवळ देत नाही, तो बोलावतो. रानात विखुरलेली, एरवी एकमेकांच्या श्वासाजवळ न येणारी पाखरे तो हातभर जागेत गोळा करतो. बोलावणाऱ्याची कर्तव्ये दात्याहून वेगळी आणि अधिक असतात. भिक्षा घालून दार लावणाऱ्या गृहस्थावर पुढच्या वळणाशी भिक्षेकऱ्याचे काय झाले याची जबाबदारी नसते. पंगत घालणाऱ्यावर मात्र विहिरीचे पाणी चांगले आहे ना, हे पाहण्याची असते. आपली भाषा येथे काही सुचवते. दान आपण करतो. पाहुण्यांची मात्र सरबराई ठेवतो, उठबस करतो, त्यांना सांभाळतो. क्रियापदेच बदलतात.

या दृष्टीने पाहिले की काही क्षुल्लक वाटणाऱ्या कामांना वजन येते. दोन आठवड्यांतून एकदा नळी उतरवून धुणे, खाली साचलेली टरफले झाडून काढणे, आजारी पाखरू दिसले तर नळ्या काही दिवस बंद ठेवणे आणि त्या दिवसांत न पाहणे सोसणे, हे पाहुणचाराचे खरे धर्म आहेत. मांजर घरात ठेवणे हाही त्यातलाच. खिडकीच्या काचेचेही तसेच. काचेत आभाळ आणि झाडे उमटतात आणि पाखरू त्या झाडांकडे झेपावते. अमेरिकेत दरवर्षी इमारतींवर आपटून मरणाऱ्या पाखरांचा अंदाज साडेछत्तीस कोटींपासून जवळजवळ शंभर कोटींपर्यंत जातो, आणि त्यांतली पुष्कळशी उंच मनोऱ्यांवर नव्हे तर साध्या घरांवर आपटतात. गंमत अशी, की दाणे काचेपासून एक मीटरच्या आत टांगले तर हा धोका खूप कमी होतो. तेथून उडणाऱ्या पाखराला जीवघेणा वेग घेण्याइतके अंतरच मिळत नाही. खिडकीला खेटून टांगावे म्हणजे नीट दिसेल, ही पाहणाऱ्याची हाव आणि पाखराची सुरक्षितता येथे एकाच जागी येतात. मध्यम अंतर, जे संकोची माणसाला सभ्य वाटेल, ते घातक. पाहण्याविषयीची माझी मघाची शंका या एका तपशिलाने बरीचशी निकामी केली.

आणखी एक पाहुणा उरतो, ज्याला कोणी बोलावलेले नसते. पाखरे जमली की त्यांच्यावर नजर ठेवून कूपर्स हॉक येतो. आपल्या शिक्र्याच्या कुळातला हा शिकारी. कुंपणाआडून तो तिरपा येतो, दाण्यावरची पाखरे उधळतात आणि एक कमी होते. बर्फावर थोडी पिसे राहतात. घरातली मुले रडतात, मोठी माणसे काच वाजवून त्याला हुसकावू पाहतात. महाभारताच्या वनपर्वातली कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. कपोत राजाच्या मांडीवर येऊन बसतो आणि मागोमाग श्येन येऊन आपले भक्ष्य मागतो. राजा कोठे शिबी आहे, कोठे उशीनर. पण श्येनाचा युक्तिवाद विसरण्याजोगा नाही. मला उपाशी ठेवशील तर मी मरेन, माझ्यामागे माझे कुटुंब मरेल. एकाला वाचवण्यासाठी इतक्यांचा घात करणारा धर्म, तो धर्म कसला? राजापाशी याला उत्तर नव्हते. म्हणून त्याने तराजू मागवला आणि स्वतःचे मांस त्यात घातले. त्या कथेचा शेवट देवांनी गोड केला. खिडकीशी बसलेल्या गृहस्थापाशी देव येत नाहीत, आणि तराजूत घालायला त्याची तयारीही नसते. त्याच्या हाती एकच गोष्ट असते: ज्या नजरेने त्याने कार्डिनल पाहिला त्याच नजरेने हॉकही पाहणे. त्यालाही ती रात्र काढायची असते. जे पाहायला आवडेल तेवढेच पाहणारी नजर ही नजर नव्हे, ती निवड आहे. आणि पुष्कळ घरांत पाहण्याच्या नावाने ही निवडच चालते, असे मला वाटते. कोणी काचेवर टकटक केली म्हणून मी त्याला दोष देणार नाही. पण तशी टकटक करणाऱ्याने आपण निसर्गावर प्रेम करतो असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

न पाहता देणे हा पर्याय अधिक निर्मळ असेल, असेही कोणाला वाटेल. मुंबईच्या कबुतरखान्यांचा अनुभव त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. तेथे माणूस येतो, कोपऱ्यावरून दाणे विकत घेतो, मुठीने उधळतो, हात जोडतो आणि गाडी पकडायला जातो. त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे कारण नाही. पण कबुतरे किती झाली, ती कोणत्या इमारतीच्या कोनाड्यांत राहतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ कोणाच्या छातीत जाते, हे त्याने पाहिलेले नसते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याची कारवाई झाली, दादरचा जुना कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि वाद उच्च न्यायालयापुढे गेला. दोन्ही बाजूंनी फार मोठ्या आवाजात बोलले गेले. त्या गोंगाटात, दाणे टाकणाऱ्यांपैकी कोणी कधी तासभर तेथे बसून नुसते पाहिले होते काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

परंतु खिडकीतून पाहणाऱ्यालाही सारे दिसत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावी काही आठवडे राहण्याचा योग आला असताना एका घरच्या परसात मी बारीक छिद्रांची एक नळी पाहिली. तिच्यावर गोल्डफिंच उलटसुलट लटकत होती. उन्हाळ्यातले त्यांचे पिवळे तेज हिवाळ्यात उतरून मळकट होते. नळीतले काळे, चकचकीत, सुईसारखे निमुळते बी ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. ते कारळे होते. आपण ज्यांची चटणी करतो तेच. नाशिककडच्या डोंगराळ पट्ट्यात आणि जव्हार-मोखाड्याकडे यांनाच खुरासणी म्हणतात. भात, नाचणी जेथे नीट येत नाही अशा उताराच्या हलक्या जमिनीवर पावसाळ्याच्या अखेरीस ही पिवळी शेते फुलतात, आणि ती पिकवणारी बहुतेक माणसे आदिवासी असतात. अमेरिकेतल्या परसांत जाणारे कारळे भारत, इथिओपिया आणि म्यानमार या देशांतून येतात. तेथे पाकिटावर त्यांचे नाव नायजर. जुन्या हिज्जांतून उच्चाराला एक अपशब्द चिकटण्याची भीती होती, म्हणून १९९८ साली पक्षिखाद्याच्या व्यापाऱ्यांनी नव्या हिज्जांची नाममुद्रा नोंदवून घेतली. नावाची एवढी काळजी घेतली गेली. बी ज्याच्या शेतातून आले त्याचे नाव पाकिटावर असण्याचे कारण नाही.

ही गोष्ट मी तक्रार म्हणून सांगत नाही. कारळ्यांना बाहेर गिऱ्हाईक आहे म्हणून डोंगरातल्या माणसाच्या हाती चार पैसे पडत असतील, तर पाखरांनी ते खाल्ले यात वाईट काय? गोल्डफिंचच्या तोंडचा घास काढून कोणाच्या ताटात पडणार आहे, असला भाबडा हिशेबही मी मांडणार नाही. परंतु बोलावणाऱ्याची जबाबदारी मघाशी आपण अंगणापर्यंत नेली. ती अंगणाच्या कुंपणाशी का थांबावी, याचे कारण मला सापडत नाही. पंगतीचा यजमान धान्य कोठून आले हे विचारतो. त्या नळीपाशी देणारे एकाहून अधिक होते, आणि त्यांतला एकच खिडकीत बसलेला होता. दुसरा, त्याच हिवाळ्यात, आपल्या खाचरात शिल्लक काय राहिले याचा विचार करीत असणार. त्याच्या डोंगरात वरई-नाचणी पिकू लागली की पोरे दिवसभर मचाणावर बसून, डबे वाजवून पाखरे हाकतात. पाखरांना हाकणाऱ्या घरातले बी समुद्र ओलांडून पाखरांना बोलावण्याच्या कामी यावे, याला न्याय म्हणावे की अन्याय, मला सांगता येत नाही. खिडकीतल्या माणसाला हे दिसावे एवढे मात्र वाटते. चिकडीच्या रात्रीच्या तापमानाची ज्याला उत्सुकता आहे, त्याला ही उत्सुकता अशक्य नसावी.

अमेरिकेत उतरवण्यापूर्वी हे कारळे १२० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे तापवावे लागतात. त्यांच्याबरोबर अमरवेलीसारख्या उपद्रवी वनस्पतींचे बी परदेशी मातीत जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. त्या उष्णतेने कारळ्यांचीही रुजण्याची शक्ती जाते. चव राहते, तेल राहते. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळला की नळीखाली काळ्या टरफलांचा जाड थर उघडा पडतो. त्या घरच्या गृहिणी तो फावड्याने गोळा करीत होत्या. शेजारच्या नळीखाली सूर्यफुलाचे दोन-चार कोंब आले होते, ते त्यांनी मला कौतुकाने दाखवले. कारळ्यांच्या नळीखाली काही उगवत कसे नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना खुरासणीच्या शेताविषयी सांगू लागलो.